युरोव्हिजनमध्ये गुण कसे मोजतात, आणि त्यावरून इतकी भांडणं का होतात

२९ मार्च १९६९. माद्रिदच्या तेआत्रो रेआल नाट्यगृहात शेवटच्या देशाचे गुण फलकावर चढले आणि सूत्रसंचालिका लॉरिता वालेन्सुएला चक्रावली. स्पेन १८, ब्रिटन १८, नेदरलँड्स १८, फ्रान्स १८. तिने तिथूनच, सगळ्या युरोपदेखत, स्पर्धेचे निरीक्षक क्लिफर्ड ब्राउन यांना विचारलं की खरंच चार विजेते आहेत का? आहेत, असं उत्तर आलं. बरोबरी झाली तर काय करायचं याचा नियमच कोणी लिहून ठेवलेला नव्हता. आणि हे स्पर्धेचं चौदावं वर्ष होतं!

युरोव्हिजन गीत स्पर्धा आपल्याकडे बहुतेकांना 'अ‍ॅबा' या स्वीडिश बँडमुळे ठाऊक असते, किंवा अलीकडे मोबाइलवर येणाऱ्या चित्रविचित्र पोशाखांच्या तुकड्यांमुळे. एकेका देशाकडून एकेक गाणं यायचं आणि सगळ्यांनी एकमेकांच्या गाण्यांना गुण द्यायचे, असा दरवर्षी मे महिन्यात होणारा हा कार्यक्रम साधारण १६ कोटी लोक पाहतात. त्यातल्या गाण्यांवर, धुरावर आणि आगीच्या फवाऱ्यांवर भरपूर लिहून येतं. मला मात्र त्यातली मोजणी जास्त रंजक वाटते. या स्पर्धेच्या जवळजवळ प्रत्येक नियमामागे आधी झालेलं एखादं भांडण आहे. ती भांडणं क्रमाने पाहत गेलं की गुणांची आजची किचकट पद्धत आपोआप उलगडते.

सुरुवात तारा जोडण्यापासून

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० साली, पश्चिम युरोपातल्या रेडिओ-टीव्ही संस्थांनी एक संघटना काढली: युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन. मुख्यालय जिनिव्हात. तिचे सभासद म्हणजे ब्रिटनची बीबीसी, इटलीची राय अशा सार्वजनिक संस्था, आपल्याकडच्या दूरदर्शनच्या जातकुळीतल्या. एका देशातला कार्यक्रम त्याच क्षणी दुसऱ्या देशात दिसावा, ही त्यांची खटपट होती. उपग्रह अजून यायचे होते. डोंगरमाथ्यांवर मनोरे उभारून, एकाकडून दुसऱ्याकडे लहरी झेलत न्यायच्या. ६ जून १९५४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावचा फुलांचा उत्सव या जाळ्यावरून दाखवला गेला. 'युरोव्हिजन' हे नाव मुळात या जाळ्याचं. स्पर्धेला ते नंतर चिकटलं.

जाळं तयार झालं, पण त्यावर दाखवायचं काय? फुटबॉल आणि राजघराण्यांचे सोहळे रोज होत नाहीत. स्विस प्रसारण संस्थेचे प्रमुख मार्सेल बेझाँसों यांच्या समितीने जानेवारी १९५५ मध्ये मोनॅकोच्या बैठकीत गाण्यांच्या स्पर्धेचा विचार पुढे केला. नमुना तयारच होता. इटलीत सानरेमो इथे १९५१ पासून असा महोत्सव होत होता आणि तो तुफान चालत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रोमच्या सभेत होकार मिळाला.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते, कारण पुढचे अर्धे गैरसमज तिच्यातून निघतात. युरोव्हिजनमध्ये देश भाग घेत नाहीत, प्रसारण संस्था घेतात. 'अमुक देश युरोपात नाही, मग तो इथे कसा?' हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. उत्तर एवढंच की त्या देशातली वाहिनी युनियनची सभासद असली की झालं. सभासदत्वाची हद्द दूरसंचाराच्या जागतिक नियमांतल्या 'युरोपीय प्रसारण क्षेत्रा'वरून ठरते आणि त्यात भूमध्य समुद्राचा दक्षिण आणि पूर्व किनाराही येतो. म्हणून इस्रायल १९७३ पासून आहे, आणि मोरोक्कोही १९८० साली एकदाच येऊन गेला. उलट लिश्टेनश्टाइन, अगदी युरोपच्या पोटातला देश, आजवर एकदाही आलेला नाही, कारण त्याच्याकडे सभासद वाहिनीच नाही. ऑस्ट्रेलियाला २०१५ साली खास निमंत्रण देऊन बोलावलं आणि ती पाहुणी घरचीच होऊन बसली.

पहिली स्पर्धा २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लुगानोला झाली. सात देश, प्रत्येकाची दोन गाणी. प्रत्येक देशाचे दोन परीक्षक तिथे हजर राहून गुप्तपणे गुण देणार होते. लक्झेंबर्गचे परीक्षक आलेच नाहीत आणि त्यांच्या वतीने गुण देण्याचं काम स्विस परीक्षकांकडे गेलं. स्वतःच्या देशाला गुण द्यायलाही मुभा होती. जिंकलं कोण? स्वित्झर्लंड. गायिका लिस आसिया. सविस्तर गुणपत्रक कधीच जाहीर झालं नाही. काही काळंबेरं होतं असं म्हणायला पुरावा नाही. मात्र पुरावा मागे राहील अशी सोयही कोणी केली नव्हती.

दुसऱ्या वर्षी फ्रँकफर्टला दोन सुधारणा झाल्या: स्वतःच्या देशाला गुण देणं बंद, आणि प्रत्येक देशाने आपापल्या घरून फोनवर, सगळ्यांना ऐकू येईल असं, गुण सांगायचे. समोर मोठा फलक. आयोजकांना पारदर्शकता हवी होती, हाती लागलं नाट्य. गाणी संपल्यावरचा तो अर्धा तास, फोनची खरखर, निवेदकाचं 'हॅलो, ऐकू येतंय का?', फलकावर सरकणारे आकडे... प्रेक्षक त्यासाठीच बसून राहू लागले. त्याच वर्षी इटलीचं गाणं पाच मिनिटांच्याही वर लांबलं, आणि तीन मिनिटांची मर्यादा पुढे कडक पाळली जाऊ लागली. ती आजही आहे.

दहा डोकी, दहा मतं

सुरुवातीची मुख्य पद्धत साधी होती. प्रत्येक देशात दहा परीक्षक, प्रत्येकाचं एक मत, आवडलेल्या एका गाण्याला. १९६९ साली १६ देश होते, म्हणजे एकूण १६० मतं, आणि ती १६ गाण्यांत विभागायची. सरासरी काढा, एका गाण्याला दहा. इतके थोडे गुण इतक्या जणांत वाटले की बरोबरी होणार हे शाळकरी गणित आहे. प्रत्येकाने फक्त पहिली पसंती सांगायची असल्याने सगळ्यांचं 'दुसरं आवडतं' गाणं रिकाम्या हाताने परतायचं, आणि एखाद्या देशातले सहा-सात परीक्षक एकाच गाण्यावर भाळले तर सगळी स्पर्धा तिकडे कलायची.

मधल्या काळात इतर प्रयोगही झाले. १९६२ मध्ये प्रत्येक देशाने फक्त तीन गाण्यांना ३, २ आणि १ गुण द्यायचे, असं ठरलं. चार देश शून्यावर राहिले. १९६३ मध्ये लंडनला नॉर्वेच्या निवेदकाने गुण सांगितले, पण ठरलेल्या रीतीने नव्हे, म्हणून त्याला नंतर पुन्हा सांगायला सांगितलं. शेवटी पुन्हा फोन लागला तेव्हा आकडे बदललेले होते, आणि त्या बदलामुळे स्वित्झर्लंडच्या हातातला विजय शेजारच्या डेन्मार्ककडे गेला. 'शेजारी शेजाऱ्याला गुण देतो' ही तक्रार इतकी जुनी आहे. लोक ती एसएमएसच्या जमान्यातली समजतात.

माद्रिदच्या चौपट निकालानंतर नाराजी उघड झाली. १९७० साली फिनलंड, नॉर्वे, स्वीडन, पोर्तुगाल आणि ऑस्ट्रिया आलेच नाहीत, १२ देशांवर स्पर्धा उरकली. (ऑस्ट्रिया तर १९६९ सालीही गैरहजर होता, स्पेनमधल्या फ्रँकोच्या हुकूमशाहीत जाऊन गायचं नाही म्हणून, असं सांगतात.) मग १९७१ ते १९७३ वेगळंच काही करून पाहिलं: देशागणिक दोन परीक्षक, एक पंचविशीच्या आतला, एक बाहेरचा, आणि प्रत्येक गाण्याला दोघांकडून १ ते ५ गुण. शून्य कोणालाच नाही. पण यात हात आखडणारा परीक्षक सगळ्यांना एकेक गुण वाटून आपल्या देशाच्या प्रतिस्पर्ध्यांना खाली खेचू शकतो. तेही सोडलं आणि १९७४ साली परत दहा परीक्षक, दहा मतं.

त्याच वर्षी, ६ एप्रिल १९७४ रोजी, इंग्लंडमधल्या ब्रायटनला अ‍ॅबा जिंकले, एकूण २४ गुणांनी. यजमान ब्रिटनच्या परीक्षकांनी त्यांना दिलेले गुण: शून्य. पुढे वर्षानुवर्षं अ‍ॅबाच्या सर्वाधिक रेकॉर्डी विकत घेणाऱ्या देशांत ब्रिटन होता, ही गंमत वेगळी.

पण १९७४ ची खरी हकिगत तळाशी आहे. पोर्तुगालच्या पावलो द कार्वाल्योला फक्त तीन गुण मिळाले. शेवटच्या चौघांत त्याचा नंबर. विरहाचं, निरुपद्रवी गाणं. लिस्बनमध्ये त्या वेळी सैन्यातले काही तरुण अधिकारी चार दशकांहून जुनी हुकूमशाही उलथवायच्या तयारीत होते. वेगवेगळ्या छावण्यांतल्या तुकड्यांना 'निघा' हा इशारा एकाच वेळी द्यायचा कसा? फोनवर बोलणं धोक्याचं. त्यांनी रेडिओ निवडला. २४ एप्रिलच्या रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी एका लिस्बन केंद्रावर कार्वाल्योचं हे गाणं लागलं. नुकतंच युरोव्हिजनमध्ये वाजलेलं, त्यामुळे ते लागलं म्हणून कोणाच्या कपाळावर आठी पडणार नव्हती. तो पहिला संकेत होता. मध्यरात्रीनंतर दुसऱ्या एका गाण्याने दुसरा संकेत दिला, रणगाडे हलले, आणि दिवसभरात राजवट कोसळली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकींत कार्नेशनची फुलं खोचली. तीन गुणांच्या गाण्याच्या वाट्याला एवढं मोठं काम आलं, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

बारा गुणांचं गणित

१९७५ साली स्टॉकहोममध्ये जी पद्धत आली, तिचा सांगाडा आजही तोच आहे. प्रत्येक देश आपल्या आवडीची दहा गाणी क्रमाने लावतो. दहाव्या क्रमांकाला १ गुण, नवव्याला २, असं करत तिसऱ्याला ८. मग उडी: दुसऱ्याला १०, पहिल्याला १२. एकूण ५८.

उडी कशासाठी? सरळ १ ते १० दिले असते, तर पहिलं आणि दुसरं गाणं यांत एकाच गुणाचा फरक राहिला असता. मग सगळ्यांना बऱ्यापैकी आवडणारं, कोणालाच फार न आवडणारं गाणं सहज वर आलं असतं. उलट फक्त पहिल्यालाच गुण दिले, तर काय होतं ते १९६९ ला दिसलंच होतं. ही पद्धत मधला रस्ता काढते. पहिल्या पसंतीला थोडं जास्त वजन, पण दहाव्या पसंतीलाही काहीतरी. आणि प्रत्येक देशाकडे ५८ च गुण, मग तो साडेआठ कोटींचा जर्मनी असो की काही लाखांचा माल्टा.

१९८० पासून गुण चढत्या क्रमाने सांगायला लागले, १ पासून १२ पर्यंत. आकडे तेच, फक्त सांगायचा क्रम बदलला, आणि निवेदकाने 'आणि आमचे बारा गुण...' म्हणून घेतलेला श्वास हा कार्यक्रमाचा प्राण झाला. गुण इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत पुकारले जात, म्हणून फ्रेंचचा गंधही नसलेल्या लोकांना 'दूझ प्वँ' म्हणजे बारा गुण हे कळतं. शून्याचंही असंच झालं. १९७८ साली नॉर्वेच्या यान टायगनला एकाही देशाने गुण दिला नाही. नव्या पद्धतीत तसं पहिल्यांदाच झालं होतं. आणि तो घरी जाऊन अधिकच लोकप्रिय झाला.

बरोबरीचा प्रश्न १९९१ साली परत उभा राहिला. रोममध्ये स्वीडन आणि फ्रान्स दोघांचे १४६ गुण. या वेळी नियम तयार होता: आधी १२ गुण कोणाला जास्त वेळा मिळाले ते बघा. दोघांना चार-चार वेळा. मग १० गुण मोजा. स्वीडन पाच, फ्रान्स दोन. कारोला ही स्वीडिश गायिका जिंकली. आज हा नियमही बदलला आहे. बरोबरी झाली तर प्रेक्षकांकडून ज्याला जास्त गुण, तो वर.

राजकारण या सगळ्यातून बाहेर ठेवायचं, असं आयोजक नेहमी म्हणत आले आहेत. १९७८ साली इस्रायल जिंकत असल्याचं दिसताच जॉर्डनच्या टीव्हीने प्रक्षेपण तोडून पडद्यावर फुलांचं चित्र लावलं आणि नंतर बेल्जियम जिंकल्याचं सांगितलं. बेल्जियम दुसरा आला होता. १९९३ साली आयर्लंडमधल्या मिलस्ट्रीट या छोट्या गावात, घोड्यांच्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या इमारतीत, स्पर्धा झाली. बॉस्निया पहिल्यांदाच स्वतंत्र देश म्हणून आला होता आणि राजधानी सारायेव्होला बॉस्नियातल्याच सर्ब सैन्याचा वेढा होता. गुण सांगायची वेळ आली, खरखरत्या लाइनवरून सारायेव्होचा आवाज पोहोचला, आणि तो आवाज ऐकूनच सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांनी कोणाला किती गुण दिले याकडे कोणाचं लक्ष असेल असं वाटत नाही.

लोकांच्या हातात फोन

१९९७ पर्यंत गुण परीक्षक मंडळंच देत. त्या वर्षी पाच देशांत प्रयोग म्हणून लोकांना फोन करून मत द्यायला सांगितलं, आणि १९९८ पासून बहुतेक देशांत तेच सुरू झालं. १९९९ साली दोन मोठे बदल झाले: वाद्यवृंद गेला, ध्वनिमुद्रित संगीत आलं, आणि स्वतःच्या देशाच्या भाषेतच गायची सक्ती उठली. या सक्तीचाही पाळणा होता. १९६५ ला स्वीडनने इंग्रजीत गायलं म्हणून १९६६ ला आली, १९७३ ला उठली, १९७७ ला परत आली. १९९९ नंतर बहुतेक सगळे इंग्रजीकडे धावले. माझ्या मते तेव्हा स्पर्धेची चव थोडी पातळ झाली. २०१७ ला पोर्तुगाल, २०२१ ला इटली आणि २०२२ ला युक्रेन आपापल्या भाषेत गाऊन जिंकले, तेव्हा ती बरीचशी परत आली.

दरम्यान सोव्हिएत संघ आणि युगोस्लाव्हिया फुटून देशांची संख्या वाढली. २००४ मध्ये उपांत्य फेरी आणावी लागली, २००८ पासून दोन. आणि २००७ साली हेलसिंकीत उपांत्य फेरीतून अंतिम फेरीत गेलेल्या दहा देशांत पश्चिम युरोपातला एकही नव्हता. अंतिम फेरी सर्बियाने जिंकली. लंडन-बर्लिनकडच्या वर्तमानपत्रांत आरडाओरडा झाला: हे तर आपसात गुण वाटून घेतात!

घेतात का? हो आणि नाही. ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना १२ गुण देतात हे इतकं ठरलेलं असतं की सभागृह आधीच हुर्यो उडवायला लागतं. पण त्यामागे कोणी कारस्थान रचावं लागत नाही. भाषा एक, रेडिओवर वाजणारे गायक एक, मग आवडही एकच. क्रोएशियातला श्रोता सर्बियन गायकाला वीस वर्षांपासून ओळखत असतो, पोर्तुगीज गायकाला तीन मिनिटांपासून. दुसरं कारण स्थलांतर. जर्मनीत राहणारे लाखो तुर्क फोन उचलून तुर्कस्तानला मत देत, आणि गुण मात्र 'जर्मनीचे' म्हणून पुकारले जात. २००३ साली ब्रिटनला पहिल्यांदा शून्य मिळालं तेव्हा इराक युद्धाचा राग निघाला, असं तिकडे बोललं गेलं. असेलही. पण ते सादरीकरण आजही ऐकायला मिळतं आणि दोघंही गायक सुरात नाहीत, हे कळायला परराष्ट्र धोरण लागत नाही.

२००९ पासून परीक्षक परत आले, निम्म्या वजनाने. आपल्याकडे एकांकिका स्पर्धेत प्रेक्षकांच्या शिट्ट्या एका नाटकाला आणि परीक्षकांचा करंडक भलत्याच नाटकाला, हा प्रकार ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचं लगेच कळेल. फरक एवढाच की इथे दोघांचीही बेरीज करायची होती, आणि ती नेमकी कुठे करायची यावर सगळं अवलंबून होतं.

सुरुवातीला बेरीज प्रत्येक देशाच्या आत होई. परीक्षकांचा क्रम आणि लोकांचा क्रम एकत्र करून एकच यादी, मग तिच्यावर ५८ गुण. २०१४ साली याचं टोक दिसलं. पोलंडच्या गाण्याला ब्रिटनच्या प्रेक्षकांनी पहिला क्रमांक दिला. ब्रिटनमध्ये पोलिश स्थलांतरित किती आहेत ते बघता नवल नाही. ब्रिटनच्या परीक्षकांनी त्याच गाण्याला शेवटचा क्रमांक दिला. सरासरीत ते पहिल्या दहातून बाहेर गेलं आणि लोकांच्या पहिल्या पसंतीला त्या देशाकडून मिळाले शून्य गुण.

म्हणून २०१६ पासून दोन्ही याद्या वेगळ्या केल्या. प्रत्येक देशाचे परीक्षक ५८ गुण देतात, प्रेक्षक वेगळे ५८ देतात. आधी परीक्षकांचे जाहीर होतात, मग प्रेक्षकांचे, प्रत्येक गाण्याची बेरीज करून एकदम. त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत तळातलं गाणं उसळी मारून वर येतं, वरचं गडगडतं. पहिल्याच वर्षी गंमत झाली. परीक्षकांची पहिली पसंती ऑस्ट्रेलिया, ३२० गुण. प्रेक्षकांची पहिली पसंती रशिया, ३६१. जिंकलं युक्रेन, दोन्हीकडे दुसरं, २११ अधिक ३२३, म्हणजे ५३४. आणि युक्रेनच्या जमालाचं गाणं होतं १९४४ साली स्टालिनने क्रिमियातल्या तातारांना हुसकावून लावलं त्यावर. राजकीय गाणी चालत नाहीत असा नियम आहे. आयोजकांनी हे ऐतिहासिक ठरवलं, रशियाने ते मान्य केलं नाही.

२०२२ साली युक्रेनवर आक्रमण झालं आणि दुसऱ्याच दिवशी रशियाला स्पर्धेतून वगळण्यात आलं. त्या वर्षी परीक्षकांनी ब्रिटनला २८३ गुण देऊन वर ठेवलं होतं, युक्रेनला १९२. मग प्रेक्षकांचे आकडे आले. युक्रेनला ४३९. बाकीच्या ३९ देशांनी प्रत्येकी बारा दिले असते तरी जास्तीत जास्त ४६८ झाले असते, यावरून लाट कसली होती ते कळेल. पुढच्या वर्षी उलट घडलं. फिनलंडला प्रेक्षकांचे ३७६, स्वीडनच्या लोरीनला २४३. पण परीक्षकांनी लोरीनला ३४० दिले होते आणि फिनलंडला १५०. लोरीन दुसऱ्यांदा जिंकली आणि सभागृह फिनिश गायकाच्या नावाने ओरडत राहिलं.

परीक्षक म्हणजे शहाणे आणि लोक म्हणजे भावनेच्या भरात, असं मात्र समजू नका. २०१९ साली बेलारूसच्या मंडळाला काढून टाकावं लागलं आणि त्यांच्या जागी हिशेबाने काढलेले गुण लावताना क्रम चक्क उलटा लागला. चूक दुरुस्त झाली तेव्हा परीक्षकांच्या यादीतलं पहिलं नाव बदलून स्वीडनचं उत्तर मॅसेडोनिया झालं होतं! २०२२ मध्ये तर एका उपांत्य फेरीत सहा देशांची मंडळं एकमेकांनाच वर चढवताना सापडली: अझरबैजान, जॉर्जिया, मॉन्टेनेग्रो, पोलंड, रुमानिया आणि सॅन मारिनो. त्यांचे गुण रद्द झाले. एका देशाचे परीक्षक तेव्हा पाचच असत. पाच जणांना पटवणं लाखोंना पटवण्यापेक्षा सोपं असतं, हे सांगायला नको.

ताजं भांडण

२०२५ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये ऑस्ट्रियाचा गायक जेजे ४३६ गुणांनी जिंकला. दुसरा आला इस्रायल, ३५७ गुण, त्यातले २९७ प्रेक्षकांचे आणि परीक्षकांचे अवघे ६०. गाझातल्या युद्धामुळे इस्रायलच्या सहभागावर आधीच वाद होता. त्यात इस्रायली सरकारी यंत्रणेने मतांसाठी युरोपभर ऑनलाइन जाहिराती केल्याचं समोर आलं, आणि एका माणसाला वीस मतं देता येतात हा नियम अचानक सगळ्यांच्या डोळ्यांवर आला. वीस का? कारण प्रत्येक मताचे पैसे पडतात. चाहत्यांना खर्च करू द्यावा, हा सरळ हिशेब त्यामागे असावा. पण काही हजार जिद्दी लोक वीस-वीस मतं देत असतील, तर 'लोकांची आवड' नेमकी कोणाची?

स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया यांच्या वाहिन्यांनी आधी मोजणीचा हिशेब मागितला, मग इस्रायलच्या सहभागावरच मतदान मागितलं. डिसेंबर २०२५ च्या बैठकीत तसं मतदान झालं नाही, नव्या नियमांना बहुमताने मान्यता मिळाली, आणि हे चारही देश आणि पाठोपाठ आइसलँड २०२६ च्या व्हिएन्नातल्या स्पर्धेतून बाहेर पडले. नवे नियम असे: मतं वीसऐवजी दहा, परीक्षक पाचऐवजी सात, २०२३ पासून उपांत्य फेरीतून बाहेर असलेले परीक्षक तिथे परत, आणि सरकार किंवा इतर बाहेरच्यांच्या प्रचारमोहिमांत सामील व्हायला वाहिन्यांना आणि कलाकारांना मनाई. जाणाऱ्यांत आयर्लंड आहे, सात वेळा जिंकलेला. सात वेळा जिंकलेला दुसरा देश फक्त स्वीडन. १९७० मध्येही पाच देश रुसले होते. तेव्हा बोट गुणपद्धतीकडे होतं. या वेळी नियम बदलूनही रुसवा गेला नाही, कारण तक्रार फक्त मोजणीची नव्हतीच.

रशियाने वेगळीच चूल मांडली. शीतयुद्धात पोलंडच्या सोपोट गावी १९७७ ते १९८० 'इंटरव्हिजन' नावाची पूर्वेकडची स्पर्धा होत असे. तिचं नाव उकरून काढून सप्टेंबर २०२५ मध्ये मॉस्कोत नवी स्पर्धा भरवली. व्हिएतनाम जिंकला. भारताचाही एक गायक त्यात होता, ही बातमी आपल्याकडे फारशी कोणाच्या नजरेस पडली नाही. तिथे निकाल परीक्षकांच्याच हाती होता.

युरोव्हिजनमध्ये मात्र आता पुण्या-नाशकातून किंवा पणजीतूनही मत देता येतं. अंतिम फेरी आपल्याकडे शनिवारची रात्र उलटून साडेबाराला सुरू होते. २०२३ पासून, ज्या देशांचा सहभाग नाही तिथल्या लोकांना संकेतस्थळावर कार्डाने पैसे भरून मत नोंदवायची सोय आहे. ही सगळी मतं 'उर्वरित जग' नावाच्या एकाच खात्यात जातात: भारत, चीन, अमेरिका, ब्राझील, अख्खी आफ्रिका. त्या खात्याचे गुण एका देशाच्या प्रेक्षकांइतके, म्हणजे ५८. परीक्षक नाहीतच. पस्तीसेक हजार वस्तीच्या सॅन मारिनोकडे परीक्षकांचे ५८ आणि प्रेक्षकांचे ५८, असे मिळून ११६ आहेत. त्यातही सॅन मारिनोला स्वतःचं वेगळं फोनजाळं नसल्याने वर्षानुवर्षं तिथल्या प्रेक्षकांचे गुण इतर देशांच्या आकड्यांवरून नुसते काढले जात आले आहेत.